मानेचं माप

चियातुरात माझं शिवणाचं दुकान,
रोपवेच्या खालच्या थांब्याशी.
खाणीकडे जाणारे गंजके पाळणे काचेसमोरून हलत जायचे,
आणि मँगनीजची काळी भुकटी
पांढऱ्या कापडावर बसू नये म्हणून
मी भर उन्हाळ्यातही खिडकी लावून घ्यायचे.

मालखाझ पहिल्यांदा आला तो बापाच्या पाठीमागून.
शाळेच्या निरोपासाठी सदरा हवा होता.
ओतिया म्हणाला, "गळा ढगळ ठेव, पोरगं वाढतंय."
एकेचाळीस. वहीत आहे अजून.
ओतियाची छाती तेव्हाच आतून भरत चालली होती;
जिना चढून आला की
आधी भिंत धरायचा, मग बोलायचा.

दोन वर्षांनी सेहेचाळीस.
"काय खातोस रे?"
"राजमा, मावशी. आणि ढकलतो."
काय ढकलतो ते त्यानं माझ्या कापायच्या टेबलावर दाखवलं.
वाकायचं. समोरच्याचा सदरा मुठीत धरायचा.
भिडायचं.
आजेसासऱ्यांचं अक्रोडाचं टेबल
सुताच्या रिळांसकट भिंतीला जाऊन टेकलं.
त्याचा एक पाय तेव्हापासून लुळा.

मग फ्रान्स.
तीन नंबरचा प्रॉप. स्क्रममधे उजवीकडचा,
दोन्ही बाजूंचं वजन ज्याच्या मणक्यातून जातं तो.
शेजारी टीव्हीवर सामना लावायचे.
सगळे चेंडू बघत, मी शिवण बघायचे:
उजव्या बगलेतली उसवली
की समजायचं, समोरचा जेरीला आलाय,
हाताला येईल ते धरतोय.
चेंडू त्याच्याकडे फारसा यायचाच नाही.
बारा हंगामांत एकदा, रेषेपासून हातभर अंतरावर,
ढिगाऱ्याखालून त्यानं तो पलीकडे टेकवला,
आणि मैदानावरच्या निवेदकानं
त्याचं नावच चुकीचं पुकारलं.
शेजारीण म्हणाली, "हा कोण?"

पैसे दर महिन्याला यायचे.
ओतियासाठी प्राणवायूचं यंत्र आलं,
डब्यावर फ्रेंच अक्षरं;
रात्री त्याची घरघर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू यायची.
एका जानेवारीत ती थांबली.

दोन दिवसांची रजा काढून आला.
कान चुरगळलेले, कणकेच्या गोळ्यासारखे.
काळ्या सदऱ्यासाठी मी टेप लावली: बावन्न.
एवढ्या गळ्याचा साचा माझ्यापाशी नव्हता,
रात्री दोन तुकडे जोडून कॉलर केली,
जोड मागे लपवला.
रोपवे बंद होता त्या दिवशी. पायऱ्या बर्फाच्या.
शवपेटीला सहाजण लागले, पाचजण आलटून पालटून बदलले,
पुढचा उजवा कोपरा कोणी मागितलाही नाही,
त्यानंही दिला नाही.
उतारावर मी मागून चालत होते
आणि लाजिरवाणं आहे, पण माझं लक्ष
सारखं त्या जोडाकडे होतं.

यंदा वसंतात कायमचा परतला.
मानेत दोन मणक्यांमधे पट्टी, चार स्क्रू.
हाक मारली की मान वळत नाही,
सगळा माणूस वळतो,
बिजागरीवरच्या दारासारखा.
"काय मिळालं रे तिकडे? मान तरी?"
"मान इथूनच नेली होती, मावशी.
थोडी तिकडे ठेवून आलो."
नव्या रोपवेवर नोकरी लागलीय, गणवेशाचा सदरा हवाय.

टेप लावली.
मी आकडा मोठ्यानं म्हटला नाही.
त्यानं वहीत डोकावायला अख्खं अंग वाकवलं
आणि स्वतःच वाचला.
"सत्तेचाळीस," म्हणाला, "म्हणजे एकोणीस वर्षांचा झालो."

मग टेबल हलतंय म्हणाला.
नको म्हटलं तरी खाली उताणा झाला.
वर बघता येईना त्याला,
म्हणून डोळे मिटून, चाचपत,
बोटांनी स्क्रू शोधत राहिला.
मी वरून टेबल धरून उभी,
दोन्ही हातांनी,
सगळं वजन लावून.